झोप लागावी म्हणून रात्री नेमके काय करावे, आणि काय करणे सोडावे?

कोरी पाटी
सोमवार, रात्री १०:०५

नमस्कार. गेली दोन वर्षे मला अंथरुणावर पडल्यावर लवकर झोप लागत नाही. एकदा लागली की सहसा सकाळपर्यंत मोडत नाही. अडचण आहे ती डोळा लागण्याचीच. या काळात जिथे जे वाचले ते सगळे मी करून पाहिले, आणि केलेले काहीही सोडून देण्याचे धैर्य न झाल्यामुळे माझी रात्रीची तयारी वाढत वाढत आता अशी झाली आहे: साडेनऊला मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणे, मग दिवसभरात काय काय घडले याची रोजनिशी लिहिणे, मग पंधरा मिनिटे दीर्घश्वसन, मग मंद संगीत, मग कढत पाण्याने अंघोळ, मग मोठे दिवे मालवून एक छोटा पिवळा दिवा, मग कानात बोळे, डोळ्यांवर पट्टी, आणि बरोबर अकराला पाठ टेकणे. या सगळ्याला दीड तास लागतो. त्यानंतर मी सरासरी एक तास दहा मिनिटे जागा असतो.

घरातील मंडळी या प्रकाराला ‘विधी’ म्हणू लागली आहेत, आणि त्यांचे फारसे चुकते असे मला वाटत नाही. एखादी पायरी राहिली की आज झोप लागणार नाही, हे मी मनाशी आधीच ठरवून टाकतो, आणि घडतेही तसेच. माझे वय ४७ आहे, काम बैठे आहे, डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली आहे आणि दुसरा आजार निघालेला नाही. गोळ्यांचा विषय मला इथे काढायचा नाही. यातील कोणत्या सवयींना खरोखर काही आधार आहे आणि कोणत्या मी केवळ भीतीपोटी धरून ठेवल्या आहेत, एवढेच जाणून घ्यायचे आहे. आपण स्वतः काय करता तेही लिहावे.

अर्धजागर
सोमवार, रात्री १०:३१

आधी एक प्रश्न विचारतो. एक तास दहा मिनिटे हा आकडा आपल्याला कसा कळला?

कोरी पाटी
सोमवार, रात्री १०:३८

उशीशेजारच्या मेजावर घड्याळ आहे आणि त्याचे आकडे अंधारात हिरवे चमकतात. डोळ्यांवरची पट्टी किंचित वर करून पाहतो. काल ११:४३ ला पाहिले तेव्हा मनात हिशेब झाला की आता लगेच लागली तर सहा तास सतरा मिनिटे मिळतील. पुढच्या वेळी पाहिले तेव्हा पाच तास बावन्न मिनिटे उरली होती.

अर्धजागर
सोमवार, रात्री ११:१४

मग आपल्या यादीत नसलेली पहिली सवय तीच आहे, आणि ती आज रात्रीच सोडता येईल. घड्याळाचे तोंड भिंतीकडे करा, किंवा ते खोलीबाहेर न्या. गजर तर दाराबाहेरूनही ऐकू येतो. आकडा पाहिला की वजाबाकी होते, वजाबाकी झाली की धास्ती वाटते, आणि धास्तावलेले शरीर झोपत नाही. निरोगी प्रौढ माणसाला पाठ टेकल्यापासून झोप लागायला साधारण दहा ते वीस मिनिटे लागतात. उशीला डोके लागताच घोरू लागणाऱ्यांचा आपण हेवा करतो, पण रोजच पडल्या पडल्या झोप लागणे हे बहुतेक वेळा झोप अपुरी पडत असल्याचे लक्षण असते.

आता मूळ मुद्दा. रात्रीच्या सवयींविषयी बोलताना आपण शेवटच्या दीड तासाकडेच पाहतो, पण त्या दीड तासात जे उगवते ते पेरलेले असते सकाळी. अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये झोपेचे जे प्रारूप मांडले, ते आजही या विषयाचा पाया मानले जाते. त्यांच्या मांडणीनुसार झोप दोन गोष्टींच्या मेळातून येते. एक म्हणजे जागेपणाच्या तासागणिक वाढत जाणारी झोपेची ओढ. जागे असताना मेंदूत ॲडेनोसिन हे द्रव्य साठत जाते, तो या ओढीचा एक मोठा भाग. दुसरे म्हणजे शरीरातील सुमारे चोवीस तासांचे घड्याळ, जे मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर, त्यातही सकाळच्या उजेडावर, आपली वेळ लावून घेते. हे घड्याळ दिवसभर आपल्याला जागे ठेवण्याचा जोर लावते आणि गंमत अशी की त्याचा सर्वांत मोठा जोर नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीच्या दोनतीन तासांत असतो. त्या काळात कितीही थकलेला माणूस आडवा झाला तरी त्याला झोप लागणे कठीण जाते. बाहेरून पाहणाऱ्याला हा निद्रानाश वाटतो. खरे तर माणूस दार उघडण्याच्या वेळेआधीच येऊन दाराशी उभा राहिलेला असतो.

म्हणून दोन गोष्टी विचारतो. सुट्टीच्या दिवशी आपण किती वाजता उठता, आणि दिवसातील शेवटची कॉफी किंवा चहा किती वाजता होतो?

कोरी पाटी
सोमवार, रात्री ११:२०

एरवी सहाला उठतो, रविवारी नऊला. आठवड्याची तूट भरून काढायची म्हणून. कॉफी साडेपाचला होते, कार्यालयातून निघण्यापूर्वी. तीही दोन वर्षांपूर्वी साडेसातला होती, ती मी अलीकडे आणली आहे.

(घड्याळ भिंतीकडे वळवले आहे. हे लिहून जातो.)

उंबरठा
मंगळवार, सकाळी ७:१०

अर्धजागर यांचा मुद्दा पुढे नेते. रोज ठरावीक वेळी, म्हणजे रविवारीही सहालाच उठावे, म्हणजे सकाळच्या उजेडावर शरीराचे घड्याळ रोज एकाच वेळी लागेल. आता कॉफी. शरीरात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे निघून जायला सर्वसाधारणपणे पाच तासांच्या आसपास लागतात. कुणाला कमी, कुणाला बरेच जास्त. म्हणजे साडेपाचच्या कॉफीतील जवळजवळ अर्धा अंश साडेदहालाही शरीरात आहे. ॲडेनोसिन मेंदूत ज्या जागी बसून झोपेचा निरोप देते, त्याच जागा कॅफीन अडवून धरते. निरोप साठलेला असतो, तो पोहोचत मात्र नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४०० मिलिग्रॅम कॅफीन झोपण्याच्या सहा तास आधी घेतले तरी झोप एका तासाहून अधिक घटल्याचे दिसले होते. ही मात्रा मोठी आहे, तीनचार कप कॉफीएवढी, हे मान्य. तरीही ‘मी संध्याकाळनंतर घेत नाही’ या वाक्यावर विसंबण्यात अर्थ नाही, हे त्यावरून कळते. माझ्यापुरती मी दुपारी एकची सीमा ठरवली आहे.

मला मात्र आपल्या रोजनिशीविषयी बोलायचे आहे, कारण तिथे एक मजेदार चूक होत असावी असा माझा संशय आहे. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात मायकल स्कलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५७ तरुणांना घेऊन केलेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे निम्म्या लोकांनी गेल्या काही दिवसांत पार पडलेल्या कामांविषयी लिहायचे, आणि निम्म्यांनी पुढच्या काही दिवसांत करायच्या कामांची यादी लिहायची. कुणालाही वाटेल की उरलेल्या कामांची यादी लिहिणारा तळमळत राहील. झाले ते उलट. कामांची यादी लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर लागली. झोप मेंदूच्या विद्युत नोंदीवरून मोजली होती, त्यामुळे ‘मला तसे वाटले’ अशातला हा प्रकार नाही. प्रयोग लहान आहे, त्याला वेदवाक्य मानू नये. पण आपण रोज नेमकी पार पडलेल्या कामांविषयी लिहिणाऱ्या गटाची वही लिहीत आहात.

माझी वही जेवणाच्या मेजावर असते, उशाशी नाही. ‘वीज देयक’ एवढे लिहून मन सुटत नाही. ‘वीज देयक, गुरुवारी दुपारच्या सुट्टीत, ग्राहक क्रमांक निळ्या पाकिटावर आहे’ असे लिहिले की सुटते. मला वाटते, मनाला काम संपवायचे नसतेच, ते विसरले जाणार नाही एवढी हमी हवी असते. वही मिटली की तिच्यावर पेन आडवे ठेवते. त्याला काही शास्त्र नाही, पण ठेवते.

पायरव
मंगळवार, सकाळी ९:४६

मूळ लेखातील कढत अंघोळ आणि अकराला पाठ टेकणे यांत किती वेळ जातो?

कोरी पाटी
मंगळवार, सकाळी ९:५८

फार तर वीस मिनिटे. अंघोळीची ऊब अंगात असतानाच पांघरुणात शिरावे असा माझा समज होता.

पायरव
मंगळवार, दुपारी १:३०

समज स्वाभाविक आहे, पण शरीराचे गणित उलटे आहे. झोप लागण्याच्या सुमारास शरीराच्या आतील भागाचे तापमान उतरू लागते, आणि ही उतरण झोपेला मदत करते. उष्णता बाहेर टाकण्याचे मुख्य मार्ग म्हणजे हात आणि पाय. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तळवे उबदार होतात आणि आतला भाग निवतो. हातापायांच्या त्वचेकडे रक्त जितके अधिक वळते, तितकी झोप लवकर लागते, असे निरीक्षण १९९९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. लहान मूल पेंगू लागले की त्याचे तळहात गरम लागतात, हे ज्यांनी मूल खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या आहेत त्यांना प्रयोगाशिवायही ठाऊक असते.

ऊन पाण्याची अंघोळ हेच काम करते, पण तिला वेळ द्यावा लागतो. २०१९ मध्ये याविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात ४० ते ४२.५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याने झोपण्याच्या एक ते दोन तास आधी केलेली अंघोळ लाभदायक ठरली. दहा मिनिटांची अंघोळही पुरते. आपण अंघोळ करून तापलेल्या अंगाने लगेच पांघरुणात शिरता, म्हणजे शरीराला जी उष्णता टाकायची आहे तीच कोंडून ठेवता. अंघोळ नऊच्या सुमारास आणा, किंवा सोडून द्या. ज्यांचे पाय रात्री गार पडतात, त्यांनी सैल पायमोजे घालून पाहावेत; हा उपाय दिसायला विनोदी आहे, पण स्वस्त आहे. खोली मात्र गार आणि हवेशीर असावी. पाय उबदार आणि खोली गार, हे जमले की अर्धे काम झाले.

मिणमिणता दिवा
मंगळवार, रात्री ८:०२

सगळे इतके खोलात शिरले आहेत, पण खरा गुन्हेगार कुणीच नीट पकडलेला नाही. मोबाइलचा निळा प्रकाश. डोळ्यांच्या पडद्यावर निळसर प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या खास पेशी असतात, त्या मेंदूला ‘अजून दिवस आहे’ असे कळवतात आणि रात्र झाल्याचे शरीराला कळवणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाची निर्मिती दबते. मोबाइल बंद केला की बाकी कोणत्याही सवयीची गरज उरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्धजागर
मंगळवार, रात्री ८:४०

पेशी आहेत, त्यांचे काम आपण सांगता तसेच आहे, आणि तरीही निष्कर्ष फार ताणलेला आहे. ज्या प्रयोगाचा दाखला नेहमी दिला जातो तो २०१५ मधील आहे. त्यात बारा तरुणांना लागोपाठ पाच संध्याकाळी, झोपण्यापूर्वी सुमारे चार तास, पूर्ण उजळ ठेवलेल्या पडद्यावर पुस्तक वाचायला लावले, आणि छापील पुस्तक वाचण्याच्या तुलनेत त्यांना झोप लागायला सरासरी दहा मिनिटे अधिक लागली. चार तासांच्या मोबदल्यात दहा मिनिटे. शिवाय त्या खोलीत दिवसभर फारसा उजेड नव्हता. ज्याने दुपारी उन्हात तासभर काढला आहे, त्याच्यावर रात्रीच्या पडद्याचा परिणाम आणखी कमी होण्याचा संभव आहे. कोरी पाटी यांनी तर मोबाइल कधीच दुसऱ्या खोलीत ठेवला आहे, आणि तरी ते जागेच आहेत.

माझ्या मते पडद्याचा उजेड हा लहान दोष आहे आणि पडद्यावरचा मजकूर हा मोठा. वरिष्ठांचा संदेश कागदावर छापून आणून दिला तरी झोप उडेलच.

मिणमिणता दिवा
मंगळवार, रात्री ८:५५

शेवटच्या वाक्यावर हरकत घेता येत नाही. तरीही घरातील मोठे पांढरे दिवे झोपण्याच्या तासभर आधी मालवण्याचा माझा आग्रह कायम आहे. मी तसे करतो आणि घर आपोआप हळू आवाजात बोलू लागते.

तिसरा प्रहर
बुधवार, पहाटे ४:२५

मी रुग्णालयात परिचारिका आहे आणि माझी पाळी दर आठवड्याला बदलते, त्यामुळे ‘रोज ठरावीक वेळी उठा’ हा सल्ला माझ्या काहीच कामाचा नाही. माझ्यासारखे बरेच जण असतील म्हणून लिहिते. मी वेळ सांभाळू शकत नाही, म्हणून क्रम सांभाळते: दात घासणे, तोंड धुणे, पडदे पूर्ण ओढून घेणे, दुसऱ्या दिवशीचे कपडे खुर्चीवर काढून ठेवणे, पाण्याचा पेला भरून ठेवणे, मग दिवा. सकाळी नऊ असोत की रात्रीचे अकरा, क्रम तोच. वीस मिनिटांच्या वर जात नाही. रात्रपाळीहून परतताना गडद चष्मा लावते, म्हणजे सकाळचे ऊन शरीराला जागे होण्याची वर्दी देत नाही. मात्र स्वतः गाडी चालवत असाल, तर पेंग आलेली असताना हा उपाय करू नये. आदर्श झोप मला मिळत नाही, पण कपडे खुर्चीवर ठेवले की जांभई येते, हे खरे आहे.

कूसबदल
बुधवार, सकाळी ११:२०

चार वर्षांपूर्वी मी याच अवस्थेत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या बाबतीत ज्याने फरक पडला ती सवय कोणत्याही ‘झोपेसाठी दहा सोप्या युक्त्या’ छापाच्या यादीत वरच्या क्रमांकावर नसते, कारण ती मुळीच सुखाची नाही. ती म्हणजे झोप येत नसेल तर अंथरुणातून उठणे. रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये ही पद्धत मांडली. त्यामागचा विचार साधा आहे. माणूस महिनोन्महिने अंथरुणात पडून जागा राहिला, हिशेब करत राहिला, चिडत राहिला, की अंथरूण हे त्याच्या मेंदूच्या लेखी जागण्याचे ठिकाण होऊन बसते. सोफ्यावर डुलक्या घेणारा माणूस गादीवर पडताच टक्क जागा होतो, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना हे वेगळे समजवावे लागणार नाही. ही जोडी तोडायची असेल तर नियम पाळावे लागतात: पेंग आल्याशिवाय आडवे व्हायचे नाही, अंथरुणाचा उपयोग झोप आणि दांपत्यसुख यांखेरीज कशासाठीही करायचा नाही, साधारण पंधरावीस मिनिटे झाली असे वाटले (घड्याळ न पाहता, नुसते वाटले) की उठून दुसऱ्या खोलीत जायचे, पेंग आली की परतायचे, पुन्हा झोप आली नाही तर पुन्हा उठायचे, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळी उठायचे आणि दिवसा डुलकी घ्यायची नाही.

पहिल्या रात्री मी पाच वेळा उठले. बैठकीच्या खोलीत एक वेताची खुर्ची आहे, तिच्यावर एक चादर आणि शेजारी मिणमिणता दिवा संध्याकाळीच मांडून ठेवला होता, कारण रात्री उठून शोधाशोध करायची वेळ आली असती तर मी उठलेच नसते. फरशी गार होती. बाकीचे घर झोपलेले होते आणि स्वयंपाकघरात फ्रिज मध्येच थरथरून गप्प होत होता. मांडीवर जुन्या छायाचित्रांचा ढीग घेऊन मी ती वर्षांप्रमाणे लावत बसले. पाचव्या खेपेला १९९८ आणि १९९९ यांच्यामध्ये कुठेतरी मान खाली कलंडली, तेव्हा उठून आत गेले. पहिला आठवडा दिवसा अंगात जीव नव्हता. दहाव्या की अकराव्या रात्री पहिल्यांदाच एकदाही उठावे लागले नाही. तिसऱ्या आठवड्यात यजमानांनी विचारले की तू हल्ली खुर्चीत का बसत नाहीस, तेव्हा माझ्या लक्षात आले.

आता कोरी पाटी, आपल्याला एक गोष्ट थेट सांगते, राग मानू नये. आपली अंघोळ, आपले संगीत, आपला पिवळा दिवा यांत वाईट काहीच नाही. पण त्यांतील प्रत्येक गोष्ट आपण ‘आता तरी ये’ असे म्हणत करत आहात, आणि मग अकरा वाजता निकाल लागायची वाट पाहत पडून राहता. ही दीड तासांची तयारी म्हणजे रोजची परीक्षा झाली आहे, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री कुणाला गाढ झोप लागते?

उंबरठा
बुधवार, दुपारी १२:०५

कूसबदल यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत आहे. व्हिक्टर फ्रँकल या मानसोपचारतज्ज्ञांनी अशा वेळी उलटाच मार्ग सुचवला होता: झोपण्याचा प्रयत्न सोडून, अंधारात डोळे उघडे ठेवून, शांतपणे जागे राहण्याचा प्रयत्न करायचा. झोप ही अशी पाहुणी आहे की जी बोलावल्याने येत नाही. वाट पाहणे थांबवले की येते. मनगटावर झोप मोजणारे यंत्र बांधणाऱ्यांनाही हेच लागू पडते. सकाळी उठून ताजेतवाने वाटत असताना यंत्राने कमी गुण दिले म्हणून दिवसभर खिन्न राहणारे लोक मी पाहिले आहेत.

शब्दकोडे
बुधवार, रात्री ९:१५

अंथरुणात पडल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांसाठी एक खेळ सांगतो. कॅनडातील संशोधक ल्यूक बोद्वाँ यांनी सुचवलेल्या पद्धतीचे हे मराठी रूप माझे मी करून घेतले आहे. भावना न चाळवणारा एक शब्द घ्यायचा, समजा ‘सकाळ’. पहिले अक्षर ‘स’. त्यावरून शब्द आठवायचे: साबण, सुतार, सायकल, सरडा. प्रत्येक शब्द आठवला की ती वस्तू काही क्षण डोळ्यांपुढे आणायची. सरडा कुठल्या फांदीवर आहे, सायकलीची घंटी कोणत्या बाजूला आहे, इतपतच. शब्दांचा एकमेकांशी संबंध लावायचा नाही. सुचेनासे झाले की पुढचे अक्षर: कात्री, कंदील, कासव. झोपेत शिरताना मन जसे विस्कळीत चित्रांतून भटकते, तसे ते मुद्दाम भटकवायचे. म्हणजे विचारांची साखळी जुळत नाही, आणि काळजीला तर साखळी लागतेच.

आपल्या भाषेची इथे एक खास सोय आहे. ‘ळ’ने सुरू होणारा शब्दच मराठीत नाही. म्हणून मी मुद्दाम ‘ळ’ने संपणारे शब्द घेतो: सकाळ, कमळ, बाभूळ. त्या शेवटच्या अक्षरापर्यंत पोहोचून अडल्याचे मला गेल्या वर्षभरात दोनदाच आठवते.

मेंढ्या मोजण्याचा उपाय मात्र माझ्या कधी उपयोगी पडला नाही. मोजणी इतकी सोपी असते की ती चालू ठेवून शेजारी काळजीही करता येते. २००२ मध्ये ऑक्सफर्डमधील संशोधकांनी निद्रानाश असलेल्यांना एखादे निवांत दृश्य बारकाव्यांसह डोळ्यांपुढे आणायला सांगितले, तेव्हा काहीच न सांगितलेल्या गटापेक्षा आपल्याला लवकर झोप लागली असे त्यांनी नोंदवले. मनाला सगळी जागा व्यापणारे काम हवे, पण ते रंगत जाणारे नको.

पायरव
बुधवार, रात्री ९:५०

ज्यांना चित्रे दिसत नाहीत त्यांनी शरीराकडून सुरुवात करावी. एडमंड जेकबसन यांनी १९२९ च्या सुमारास मांडलेली पद्धत अजूनही वापरात आहे: पायाच्या बोटांपासून एकेक स्नायूगट पाचसात सेकंद आवळायचा, मग एकदम सोडून द्यायचा, आणि सुटल्यावर काय वाटते तिकडे लक्ष द्यायचे. जबडा विसरू नये. माझा जबडा रात्री आवळलेला असतो हे मला वयाच्या पन्नाशीपर्यंत माहीत नव्हते.

कूसबदल
गुरुवार, सकाळी १०:३०

काल लिहायचे राहिलेले. वारंवार उठण्याची पद्धत सर्वांसाठी नाही. अंधारात पडण्याचा धोका असलेल्या वृद्धांनी आणि चालायला आधार लागणाऱ्यांनी उठण्याऐवजी अंथरुणातच उशीला टेकून बसावे. अपस्मार (फेफरे) किंवा द्विध्रुवीय विकार (मनःस्थिती अतिउत्साह आणि खोल उदासी यांत हेलकावणारा आजार) असलेल्यांनी झोपेच्या तासांत स्वतःहून कपात करू नये, कारण अपुऱ्या झोपेने हे आजार उसळू शकतात.

आणि काही तक्रारी सवयींनी सुटणाऱ्या नसतात. जोरात घोरणे आणि मध्येच श्वास अडकणे, आडवे झाल्यावर पाय हलवत राहण्याची अनावर ओढ (हिचे मूळ काही वेळा लोहाच्या कमतरतेत असते), किंवा सततची उदासी असेल तर डॉक्टरांकडे जावे. आठवड्यातून किमान तीन रात्री, असे तीन महिने चालले की त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. अशा निद्रानाशासाठी पहिला उपचार गोळी नव्हे, तर बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलण्याचा उपचार, असावा, अशी शिफारस ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये केली. मी वर लिहिलेले नियम त्याच उपचाराचा एक भाग आहेत. अमेरिकेतीलच निद्रावैद्यकाच्या अकादमीने २०२१ मध्ये तर असे म्हटले की नुसत्या झोपेच्या चांगल्या सवयी, म्हणजे कॉफी, दिवे, खोली वगैरे, हा जुनाट निद्रानाशावरचा एकमेव उपचार म्हणून देऊ नये. जे आधीपासून गोळ्या घेत आहेत त्यांनी हा धागा वाचून त्या एकदम बंद करू नयेत. त्या टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी कराव्या लागतात.

मिणमिणता दिवा
गुरुवार, सकाळी ११:०२

मद्याविषयी कुणी लिहिले नाही म्हणून एक ओळ. त्याने डोळा लवकर लागतो हे खरे, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुकड्यातुकड्यांची होते; ‘झोपेसाठी थोडीशी’ हा हिशेब तोट्याचा आहे.

कोरी पाटी
रविवार, सकाळी ७:४० (साडेतीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे आभार. काय केले ते लिहितो.

कॉफी दुपारी एकच्या आत आणली. पहिले चार दिवस डोके दुखले, मग थांबले. अंघोळ नऊला. रोजनिशी बंद केली आणि उद्याची यादी सुरू केली, पाच मिनिटे, जेवणाच्या मेजावर. संगीत, कानातले बोळे, डोळ्यांवरची पट्टी आणि पंधरा मिनिटांचे श्वसन यांना रजा दिली. अकराला पाठ टेकण्याचा हट्ट सोडला; आता पेंग आल्यावर जातो, आणि ती बहुतेक साडेअकराच्या पुढे येते. सकाळी सहाला उठतो, रविवारीही. आजचा रविवार धरून असे तीन रविवार झाले, आणि या सगळ्यात सर्वांत कठीण तेच गेले.

उठून बसण्याचा भाग कूसबदल यांनी लिहिला तितकाच कंटाळवाणा होता. माझ्याकडे छायाचित्रे नव्हती, मी एका जुन्या डब्यातील सुटे स्क्रू आकारांप्रमाणे वेगळे केले. पहिल्या आठवड्यात जवळजवळ रोज, दुसऱ्यात तीनदा, मागच्या आठवड्यात एकदा. त्या एका रात्री चूक माझी होती. रात्री दहा वाजता कार्यालयाचे एक पत्र उघडले, तेही मोबाइलवर नव्हे, कागदावर. अर्धजागर यांची आठवण आली. ‘ळ’चा खेळ मला जमत नाही, मी शब्द आठवण्यात रमतो आणि जागा होतो, जबडा सैल सोडणे मात्र जमते.

झोप लागायला आता किती वेळ लागतो ते सांगता येणार नाही, कारण घड्याळ अजून भिंतीकडेच तोंड करून आहे.

अलीकडे पहाटे चारच्या सुमारास कधीकधी जाग येते. तो बहुधा वेगळा विषय आहे, त्यासाठी स्वतंत्र धागा काढेन. परवा रात्री पाहुणे उशिरापर्यंत बसले होते. यादी लिहायची राहिली, अंघोळही राहिली. हे माझ्या लक्षात आले ते काल सकाळी, दात घासताना.